चाचांच्या पेट्या आणि माझा फवारा

चाचा ईदच्या दिवशीही अत्तर लावत नसत. गळाभेटीत कुणी हौसेने मनगटाला चोळलंच, तर घरी येऊन साबणाने हात धूत आणि मगच मधपेट्यांकडे जात. "माश्यास्ले दुसरा वास चालत नही, भाऊ," म्हणत. माणसांना काय चालतं, याची त्यांना फारशी पर्वा नव्हती.

नरडाण्याजवळच्या आमच्या शेतात मी कांद्याचं बी करतो. कांद्याच्या फुलांचे गोंडे फुलले की चाचा धुळ्याहून पेट्या आणून बांधावर मांडत. ते चौथी शिकलेले, मी कृषी पदवीधर. त्यामुळे शिकवायचं काम माझ्याकडे आहे, अशी माझी समजूत होती.

पहिल्याच वर्षी मी त्यांना ऐकवलं, "चाचा, कांद्याच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. माशी कशाला हवी? वारा पुरे."

चाचांनी एक फूल नखावर घेतलं. पराग सुटलेला होता, पण मधली मादीची दांडी अजून आखूड, कोवळी. "हाई फूल आज पराग देस. पराग लेवानं वय दोन दिसमा यी. तवय हाना सोताना पराग संपेल राहस. मंग दुसरा फूलना पराग कोन लई यी? तुन्हा वारा?"

हे प्रकरण मी परीक्षेत तोंडपाठ लिहिलं होतं, गुणही बरे मिळाले होते. फूल तेवढं पाहायचं राहिलं होतं.

पुढच्या वर्षी मोबाइलवर वाचून मी सगळ्या वाफ्यांवर गुळाचं पाणी शिंपडलं. म्हणे माश्या वाढतात. वाढले मुंगळे. माश्या पानांवरचाच गूळ चाटून तृप्त, फुलाकडे फिरकेनात. चाचा पोट धरून हसले. "फूल येडं नही शे, भाऊ! मध बुडले ठेवस. माशीनी आंग घासीसन खाले जावानं, पराग लावाना, मंगच मध. किती पिढ्यास्पाईन दोन्हीस्नं ठरेल शे. तू मझारच फुकटना भंडारा घाली दिधा!"

त्यांची अट एकच होती. फुलोऱ्यात फवारणी नको, आणि करायचीच झाली तर आदल्या दिवशी कळवायचं. मग ते पेट्या बंद करून दूर नेत.

तिसऱ्या वर्षी गोंड्यांवर फुलकिडे आले. चाचा तेव्हा पुतणीच्या लग्नाला फैजपूरला गेलेले. फोन केला तर व्याख्यान ऐकावं लागेल, म्हणून केला नाही. औषधाचा दुकानदार म्हणाला, "माश्यांना काही होत नाही, बिनधास्त मारा." मला नेमकं तेच ऐकायचं होतं. सकाळी दहाला, माश्या भर कामात असताना, मी पंप पाठीवर घेतला.

दुपारी पेट्यांपुढे माश्यांचा थर पडला होता. काही उलट्या पडून गरगर फिरत होत्या. दुसऱ्या दिवशी चाचा आले. एकेक झाकण उघडून पाहिलं आणि तसंच बंद केलं. एवढंच म्हणाले, "एक फोन करता तं, भाऊ."

त्या वर्षी गोंडे चोळले की नुसती टरफलं उडत, बी नाहीच. पारावर कुणी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "चाचांच्या पेट्यांत रोग होता." चाचा समोरच चहा पीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बशीत पाहिलं. डिग्रीवाल्याचा शब्द, गावाने मानला. शेजारच्या गावांनीही मानला. पुढच्या हंगामात रोगी पेट्या बांधावर ठेवायला कुणी तयार होईना. फुलोऱ्यावाचून उरलेल्या माश्याही मग जगल्या नाहीत.

आता फुलोरा आला की मी आणि चार बाया सकाळभर गोंड्यांवरून तळवे फिरवतो, या गोंड्याचा पराग त्या गोंड्यावर. माझ्या डिग्रीला साजेसं काम आहे. बी निम्मंही भरत नाही.

गेल्या वर्षी कांद्याची गाडी घेऊन नरडाण्याच्या एका कांदा वाळवायच्या कारखान्यात गेलो. फाटकावर खाकी कपड्यांत चाचा. मी खाली उतरलो. म्हणालो, "चाचा, रोग नव्हता. मी गावाला खरं सांगतो. तुम्ही परत पेट्या आणा."

त्यांनी वही पुढे केली.

"गाडीचा नंबर लिहा आणि इथे सही करा, साहेब. मागे गाड्या थांबल्या आहेत."

इतक्या वर्षांत चाचा माझ्याशी पहिल्यांदाच शुद्ध मराठीत बोलले. मी सही केली.