दुरुस्त करू नये

कशेळ्याच्या नाक्यावर, जीपा भरतात तिथंच हिरामणचं दुकान आहे. रेडिओ होते तेव्हा तो रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. स्टूल मात्र तेच. रोग ओळखायची रीतही तीच. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला, मूठ कानाला, आणि डोळे मिटलेले. तेवढा वेळ गिऱ्हाईकसुद्धा श्वास रोखून धरतं.

या माणसाला जगात एकाच गोष्टीची भीती. डिस्क दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर चालवलं की एक बटण येतं, 'दुरुस्त करा'. आठ वर्षांपूर्वी कळंबच्या एका मास्तरांच्या ड्राइव्हवर त्याने ते विश्वासाने दाबलं. ड्राइव्ह नव्यासारखी झाली, आणि नव्यासारखीच रिकामी. तेव्हापासून तो म्हणतो, "त्याला जे वाचता येत नाय ना, ते चुकलंय असं समजून पुसतो तो."

शनिवारी सकाळी वरच्या ठाकूरवाडीतली संध्या ओढणीत हार्ड ड्राइव्ह गुंडाळून आली. हिरामणने ती पाहिली आणि चष्मा कपाळावर नेला.

"हळदकुंकू कुणी लावलंय गं हिला?"

"आयनं. दसऱ्याला कोयता पूजला, तर म्हणाली, यात आजा हाय, याला पण लाव. तवापासून चालत नाय."

"नारळाचं पाणी?"

"थोडंच शिंपडलं."

"दक्षिणा ठेवली नाय ते बरं. आत सारली असती."

संध्या हसली नाही. सोमवारी कर्जतला वाडीच्या वनहक्क दाव्याची सुनावणी होती. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनीच्या पाच जुन्या खुणा सांगणारा एकच म्हातारा उरला होता, तिचा आजा धाऊ. उन्हाळ्यात त्याने काठीने एकेक खूण दाखवली, हिने फोनवर व्हिडिओ काढले. फोन भरला, तेव्हा सगळं ड्राइव्हवर टाकून फोनमधलं पुसलं. पावसाळ्यात आजा गेला. आणि पाचव्या खुणेपाशी, झऱ्यावरच्या दगडाजवळ, परवापासून कुणाच्या तरी रिसॉर्टचे सिमेंटचे खांब येऊन पडत होते.

हिरामणने जुन्या टूथब्रशने कुंकू काढलं. ड्राइव्हचा दिवा लागला. पाठोपाठ आतून आवाज आला. टक. थोडं थांबून पुन्हा टक. हिरामणने स्क्रू-ड्रायव्हर लावला, पण या वेळी त्याचे डोळे उघडेच राहिले.

सॉफ्टवेअर तपासायला लागलं. नऊ मिनिटं लागतील म्हणालं. मग चाळीस. मग सव्वीस तास. मग डॉक्टर नातेवाइकांना चुकवायला लागतात तसं त्याने काही सांगायचंच सोडलं, आणि ते बटण पुढे केलं.

"दाबा की काका."

"नाय. आधी निघंल तेवढं भायेर काढू." त्याने तपासणी बंद केली. "पयलं काय काढू ते तू सांग. सगळं निघंल असं धरू नको."

यादीत त्रेसष्ट व्हिडिओ होते. आजा गाणं म्हणतोय, आजा कोंबडीला शिव्या घालतोय, आजा फोनलाच विचारतोय, जेवलीस का गं. संध्या बराच वेळ बघत राहिली.

"कोंबडी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "खुणा काढा."

पहिली खूण वीस मिनिटांत उतरली. दुसरीला तास लागला. हिरामणने पंखा बंद केला, टक ऐकू यावी म्हणून. बाहेरच्या जीपवाल्याला हॉर्न मारू नको म्हणाला, आणि जीपवाल्याने चक्क ऐकलं. नाक्यावर असं कधी होत नाही. दोन वाजता चौथी उतरली. पाचवी अर्ध्यावर असताना टकटक थांबली. क्षणभर दोघांना बरं वाटलं. मग कळलं, ड्राइव्हचं फिरणंच थांबलं होतं.

अर्ध्या तासाने ती पुन्हा जोडली. ती कशीबशी फिरू लागली. यादी काही आली नाही. बटण तेवढं आलं.

"दाबलं तर?" संध्याने विचारलं.

"एक तर पाचवी निघंल, नायतर कोंबडीसकट सगळं जाईल. नाय दाबलं तर मुंबईला ड्राइव्ह उघडून काढणारे हायत. म्हयना लागंल."

तेवढ्यात खांब भरलेला टेंपो जीपा चुकवत वाडीच्या रस्त्याला वळला. दोघांनीही तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला. संध्याचा हात माऊसवर गेला, तिथं थोडा वेळ राहिला, आणि परत मांडीवर आला.

"चार खुणा घेऊन जाते. पाचवी मी तोंडानं सांगते."

"ऐकतील तुझं?"

"नाय ऐकलं तर म्हयन्यानं आजा सांगंल."

"आन् तवर खांब?"

हिरामणने चारही खुणा दोन पेनड्राइव्हवर भरून दिल्या. एक तिने मुठीत धरला, एक ओढणीच्या गाठीत, आणि वाडीच्या जीपमध्ये कडेला बसली.

हिरामणने ड्राइव्ह मुंबईला पाठवायच्या डब्यात ठेवली. डब्यावर जाड पेनाने लिहिलं, 'दुरुस्त करू नये'. मग सवयीने डब्यालाच स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं. आत काही वाजत नव्हतं. बाहेर दुसरा टेंपो चढासाठी गिअर बदलत होता.