लाल बुचाची बाटली

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते रोह्याच्या कंपनीतल्या आमच्या लॅबच्या साहेबांचे. मिठागरात राबणाऱ्या घरातला मी पहिलाच पदवीधर, पेणच्या कॉलेजातला. इंटरव्ह्यूत मला धड बोलताही आलं नव्हतं. तरी साहेबांनी घेतलं आणि ब्युरेटची तोटी किती हलक्या हाताने फिरवायची इथपासून शिकवलं.

त्यांचा एक नियम होता. लांबच्या रजेवरून कुणी परतलं की पंधरा दिवस त्याला हलकं काम. त्याच्या जागी ज्याने काम केलं त्याने शेजारी बसून मधे काय काय बदललं ते सांगायचं.

आमचे एक अनुभवी सहकारी होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. स्कूटरवरून पडून डोक्याला मार लागला, चार महिने घरी होते. त्यांचं टेबल मी सांभाळलं. रोज सकाळी साहेब आधी माझ्यापाशी थांबायचे. मला ते कायमचंच वाटायला लागलं होतं.

भाऊ आले त्या दिवशी साहेबांनी स्वतः खुर्ची उचलून खिडकीशी ठेवली. "चक्कर येत नाही ना? दमलात तर सांगा." दुपारी आपल्या डब्यातली पोळी त्यांना दिली. मी तापात पेणहून एसटीने उभा आलो होतो, तेव्हा मला कुणी खुर्ची दिली नव्हती.

शिपाई हसला, "जावई आले, तू ऊठ आता पाटावरनं!"

मी हसलो आणि अर्धा डबा तसाच बंद केला.

नियमाप्रमाणे भाऊंना सगळं सांगितलं, एक सोडून. प्लांटमधून नमुना येणारी लाल बुचाची बाटली पूर्वी पहिल्या टाकीची असे, आता ती तिसऱ्या टाकीची झाली होती. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात साहेब येऊन भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि ते न सांगताच मी पुढची बाटली उचलली.

आठवड्याने भाऊंनी जुन्या सवयीने लाल बुचाच्या बाटलीचा रिपोर्ट पहिल्या टाकीच्या नावावर लिहिला. चांगला माल अडकला, प्लांट अर्धा दिवस बंद. मॅनेजर लॅबमध्ये येऊन ओरडून गेले.

साहेबांनी मला विचारलं, "बुचाचं सांगितलं होतंस ना?"

"व्हय साहेब."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग कपाळावरच्या व्रणाला हात लावून हळूच म्हणाले, "सांगितलं असंल. माझंच डोकं आता पयल्यासारखं नाय."

एक तारखेपासून त्यांना गोदामात पाठवायचं ठरलं. साहेब माझ्या टेबलाशी पुन्हा थांबू लागले. मला त्यांच्याकडे मान वर करून बघता येईना. रविवारी घरी बसून पत्र लिहिलं आणि सोमवारी कामावर जाताना वाटेत वडखळला उतरून टपालपेटीत टाकलं:

"साहेब, नमस्कार. समोर बोलायला धीर होत नाही म्हणून लिहितो. लाल बुचाचं मी भाऊंना सांगितलं नव्हतं. विसरलो नव्हतो, मुद्दाम राहू दिलं. तुम्ही त्यांना जपत होता ते मला बघवत नव्हतं. त्यांचं डोकं शाबूत आहे. हे त्यांना तुम्ही सांगा, माझ्या सांगण्यावर ते आता विश्वास ठेवणार नाहीत. त्यांना गोदामात पाठवू नका. तिथे मी जातो."