वस्तीला नंबर देणारे अण्णा

वासुदेवअण्णांनी “कुठं राहता?” असं विचारावं आणि समोरच्यानं “इथंच, जवळ” म्हणावं, की त्यांचा पारा चढलाच. सांगलीहून बेंगळुरूच्या कारखान्यात मी नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्यांच्या तावडीत सापडले. बनशंकरीत, देवळाजवळ, असं मी सांगितलं. “देवळाजवळ अर्धं गाव राहतं, अक्का. स्वल्प, जरा नकाशा काढून दाखवा की!” म्हणत त्यांनी कागद पुढं सरकवला. मी इंजिनिअर, ते ड्राफ्ट्समन. मनातून चरफडतच मी नकाशा काढला. त्यात उत्तर दिशा दाखवायची राहिली, तेवढं मात्र ते दोन वर्षं ऐकवत होते.

अण्णांचं घराणं इथं कधी आलं, हे त्यांनाही धड सांगता येत नसे. घरात मराठी, पण निम्मे शब्द कन्नड, आणि बोलणं संपलं की ‘ठीक’ऐवजी “सरी!” निवृत्तीनंतर देवळाच्या कमिटीत जाऊन बसायचं सोडून हा माणूस शहराबाहेर देवनहळ्ळीला जाणाऱ्या बसमध्ये बसू लागला. तिकडं शेतं जाऊन घरांच्या प्लॉटांचे लेआउट होत होते, आणि पुतण्याच्या बांधकामावर देखरेख अण्णांकडं होती. बांधकामाच्या मागं यादगीर-रायचूरकडच्या मजुरांच्या पत्र्याच्या शेड होत्या. एकदा एक गवंडी परांचीवरून पडला. अँब्युलन्सवाले फोनवर पत्ता विचारत राहिले आणि कुणालाच तो सांगता येईना. शेवटी त्याला पाण्याच्या टँकरमधून न्यावं लागलं.

पुढच्या आठवड्यात अण्णांनी पिवळ्या रंगानं प्रत्येक शेडच्या दारावर नंबर घातला, वस्तीचा नकाशा काढला आणि सरकारी दवाखान्यातल्या ड्रायव्हरांना नेऊन दिला. मी म्हटलं, “अण्णा, दोन वर्षांनी ही माणसं इथं नसणार.”

“मग दोन वर्षं आजारी पडणार नाही, असं लिहून दिलंय का त्यांनी?”



चूक मात्र झालीच. जन्म नकाशांत घालवलेल्या आम्हा दोघांनाही ती दिसली नाही, याचं आजही वाईट वाटतं. काम पुढं सरकलं तशा मेस्त्रीनं शेड मोडून लेआउटच्या दुसऱ्या टोकाला उभ्या केल्या. पत्रे तेच, हाताला येईल तो कुठंही ठोकलेला. त्यात चौदा नंबरचा पत्रा कलावतीचं दार झाला. यादगीरची ही पोर गवंड्याच्या हाताखाली काम करायची. एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. नवऱ्यानं दाराकडं बघून फोनवर चौदा नंबर सांगितला. ड्रायव्हरला नकाशा पाठ होता, तो थेट चौदा नंबरच्या जागेवर गेला. तिथं सपाट केलेली जमीन होती. मधला रस्ता खणलेला, त्यामुळं वळसा घालून गाडी पोचेपर्यंत फार वेळ गेला. कलावती वाचली. बाळ वाचलं नाही.

अण्णा घराबाहेर पडेनात. “माणसांना नंबर द्यायला गेलो आणि दिला पत्र्याला,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत. महिन्याभरानं मीच त्यांना वस्तीवर घेऊन गेले. कलावती तांदूळ निवडत होती. अण्णा हात जोडून उभे राहिले. “चूक माझी आहे, अम्मा.”

तिनं सूप खाली ठेवलं. मग कन्नडमध्ये म्हणाली, “नंबर पुसू नका. नीट लिहा. मला अजून इथंच राहायचंय.” आवाजात क्षमा नव्हती आणि राग असला तरी दिसत नव्हता. मला तिच्याकडं बघवेना.

त्यानंतर अण्णांनी नंबर जमिनीत रोवलेल्या दगडांवर घातले. शेड हलवायच्या आधी फोन करायचा, असं मेस्त्रीकडून वदवून घेतलं आणि वस्ती हलली की त्याच दिवशी नवा नकाशा. मोजायच्या टेपचं एक टोक धरायला मी. अण्णांचे गुडघे कुरकुरायचे, पण ते जायचे. आमच्या लेआउटच्या पाण्यासाठी, दिव्यांसाठी मी किती अर्ज केले होते! तिथली घरं बांधणारी माणसं कुठं झोपत होती, हे एकदाही विचारलं नव्हतं. मला त्याची लाज वाटते.

गेल्या वर्षी दाढी करता करता अण्णा कोसळले. सुमित्राअक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, फोन केला. पत्ता कुणी दुसऱ्यांदा विचारलासुद्धा नाही. पाच-सात मिनिटांत गाडी दारात होती. तरी ते वाटेतच गेले.

पाचव्या दिवशी कलावती आणि तिचा नवरा तीन बस बदलून बनशंकरीला अण्णांच्या घरी आले. कडेवर वर्षाची मुलगी होती. आत या, बसा, म्हटलं तरी कलावती दारातच उभी राहिली.

“अक्का,” तिनं सुमित्राअक्कांना विचारलं, “गाडी वेळेवर आली होती ना?”

“आली होती गं. लगेच आली.”

“बरं झालं,” ती म्हणाली. मग आत येऊन जमिनीवर बसली आणि मोठ्यानं रडू लागली.