उकळलेल्या प्रोटीनने बुजवलेला चरा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. परीक्षेला निघताना मांजर आडवं गेलं तर त्याला डब्यातलं बिस्किट घालून पुढे जाणारी मी. त्यामुळे खाली कमेंटमध्ये कुणी 'ताई, शक्ती असते' वगैरे लिहू नका... भांडण होईल.

आमचं गाव कुरुंदा. पीएचडी वसमतच्या बाजूच्या एका कॉलेजात. लॅब पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांची, आणि माणसं तीन — मी, माझे गाईड असलेले सर, आणि लॅब असिस्टंट रफिकभाई.

माझं काम एका मानवी प्रोटीनवर. मानवी म्हणजे माणसातून काढलेलं नाही, माणसाचा जीन बॅक्टेरियात घालून त्यांच्याकडून बनवून घेतलेलं. बोटाच्या पेराएवढ्या बाटलीत, बर्फात बसून येतं. वर छापलेलं — फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी. प्रयोग साधा आहे. प्लास्टिकच्या ताटलीत माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवायच्या आणि मधोमध एक चरा ओढायचा. प्रोटीन घातलं की पेशी दोन्हीकडून सरकत येतात, दुसऱ्या दिवशी चरा बुजतो. दुसऱ्या ताटलीत प्रोटीन घालायचंच नाही. तिसऱ्या ताटलीत तेच प्रोटीन, पण दहा मिनिटं उकळून मारलेलं. तिथला चरा उघडाच राहायला हवा, तरच छातीठोकपणे म्हणता येतं की काम प्रोटीननेच केलं. आणि हे प्रोटीन इतकं नाजूक की नुसतं फ्रीजबाहेर राहिलं तरी कामातून जातं.

यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडाला, एका बुधवारी सकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावला. बिनप्रोटीनच्या ताटलीतला चरा उघडा. उकळलेल्या प्रोटीनच्या ताटलीतला... बुजलेला. साफ.

सर म्हणाले, "ट्यूबांची अदलाबदल केली असशील." राग आला, पण त्यांचं बराबर होतं, शंका घ्यायलाच हवी. दुसऱ्या वेळी ट्यूबवर नंबर रफिकभाईंनी घातले. "मॅडम, नंबर मैं डालता, तुम उधर मुंह करो." कोणत्या नंबरात काय, ते फक्त त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी उघडली, परत तेच. उकळलेल्या ट्यूबच्या तळाशी पांढरे गठ्ठे बसलेले होते, म्हणजे प्रोटीन मेलं होतं. आणि चरा बुजला होता. तेव्हा मात्र अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या वेळी सरांनी मला कशालाच हात लावू दिला नाही. स्वतः नवी बाटली फोडली, स्वतः उकळलं, स्वतः ताटलीत घातलं. सकाळी मायक्रोस्कोपात बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. आणि केबिनमध्ये निघून गेले.

कॉलेजात गोष्ट लपते होय? दोन दिवसांत ऑफिसातल्या कुणीतरी लॅबच्या दाराला लिंबू-मिरची टांगली. मी ते लिंबू सोडवलं, कॅन्टीनमध्ये नेऊन सरबत केलं आणि सगळ्यांसमोर प्यायले. काही झालं नाही. साखर जरा कमी पडली होती.

मग सरांनी बोलावलं. "वैशाली, बुजलेल्या चऱ्यांचे ते तीन फोटो काढून टाक. थिसिसमध्ये दिसले तर तुझं सगळं काम संशयात येईल. मुदत संपत आलीय तुझी." खरंच होतं. सहा वर्षं घातली होती मी. महिनाअखेर थिसिस गेला नाही तर नोंदणीच रद्द. आणि फोटो ठेवले तर परीक्षक म्हणणार, हिला साधं प्रोटीन उकळता येत नाही.

माझे बाबा हंगामभर दुसऱ्यांची हळद शिजवून देतात. रविवारी घरी त्यांना सगळं सांगितलं. ते हसले. "उकडलेलं बेणं उगवलेलं मी तं जन्मात पाह्यलं न्हाई, माय."

"मंग काय करू? झाकून टाकू?"

"काहून? तुला दिसलं का न्हाई?"

"दिसलं."

"मंग दिसलं म्हण. कळलं म्हणू नको." आमच्या घरात नवस-उतारे बाबांनीच बंद केलेले. "आपण नवस सोडले, ते काय खोटं बोलायला?"

सोमवारी फोटोंसकट थिसिस सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पानं चाळली, उसासा टाकला. "बरं, ठेव. पण खाली 'मानवी चूक' असं लिही. विषय संपला, मी सही करतो."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "कुणाची चूक लिहू सर? पहिल्या दोन वेळची माझी लिहिते. तिसऱ्या वेळी तुम्ही उकळलं होतं."

रफिकभाई दारातच थबकले. सरांनी खिशातलं पेन काढलं. "तुझ्या जिभेला हाड नाही," एवढंच म्हणाले आणि सही केली.

त्यानंतर त्याच लॉटमधलं, म्हणजे एकाच खेपेला बनलेलं प्रोटीन मी कितीतरी वेळा उकळून बघितलं. एकदाही चरा बुजला नाही. मग त्या तीन वेळा काय झालं? मला माहीत नाही. सरांना माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी लॅबमध्ये येऊन करून दाखवावं, चहा माझ्याकडून.

थिसिस विद्यापीठात गेलाय, निकाल यायचाय. त्या फोटोंखाली मी लिहिलंय — 'असे तीनदा घडले. कारण सापडले नाही.' परत पाठवला तर परत छापीन, ते पान ठेवूनच.