अध्यक्षांचं फाटलेलं तोंड

संगणकाचं बटण दाबलं की मॅडम पडद्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. "गेलं का ते?" मुलींना विचारायच्या. "गेलं, मॅडम," असं उत्तर आलं की वळायच्या, पण वळतानाही तोंडातून "शी!" निघायचंच.

कशाची एवढी शिसारी, ते ऐका आणि तुम्हीच ठरवा. नगरमधली आमची मुलींची शाळा. मी तिथे विज्ञान शिकवतो, माझ्या वर्गाला लागूनच मॅडमची संगणकाची लॅब. एमआयडीसीतल्या कुठल्याशा कारखान्याने टाकून दिलेली मशीनं मॅडमनी झटकून-पुसून उभी केली होती आणि त्यांत विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स घातलं होतं. घरी संगणक नसलेल्या पोरी त्यांवर टायपिंगच्या परीक्षेची तयारी करायच्या. छान चाललं होतं. मग संस्थेच्या अध्यक्षांचा हुकूम आला, मशीन सुरू होताना जे चित्र दिसतं तिथे आमचा फोटो टाका.

हा माणूस आधीच चौकाचौकात फ्लेक्सवर हात जोडून उभा. शाळेच्या पाण्याच्या टाकीवर तोच, मुलींच्या ओळखपत्रावर तोच. किळस यावी तरी किती! वर त्यांच्या माणसाने आणून दिली ती वाढदिवसाच्या फ्लेक्सचीच फाईल, भिंतीएवढी. मॅडमनी ती कापूनकुपून बसवली, तरी पडद्यावर साहेब फाटूनच यायचे. एक डोळा हिरव्या पट्ट्यात, नाक कपाळावर, जोडलेले हात कानापाशी. जरा वेळाने ते जायचं आणि मशीन नीट चालायचं, पण तोवर बघवायचं नाही.

मॅडम काही सोशिक बाई नव्हत्या. मूळच्या राजूरकडच्या, संतापल्या की तिकडची बोली बाहेर यायची. आधी त्यांनी मॉनिटरला दोष दिला, मग केबल देणाऱ्या दुकानदाराला फोनवर उभाआडवा झापला. त्या बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती. ते कळल्यावरही माफीबिफी नाही. "मला काय ठाऊक ह्यांचं तोंडच आसं हाय!" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

खरं कारण सापडलं तेव्हा चहा पिताना मला सांगितलं. "सर, पडदा चालवणारा प्रोग्राम जागा व्हायच्या आधीच ह्यांचा फोटो बाहेर येतो. कुठंबी पुढं पुढं करायची सवयच न्हाई का! म्हणून फाटतो."

"मग त्या प्रोग्रामला आधी उठवा."

"उठवला. काहींवर साहेब चकचकीत दिसले. पन निम्मी मशीनं पार काळी पडली, पुढं जाईनात. परत हुतं तसं केलं."

मॅडमची नेमणूक वर्षावर्षाची होती. दर जूनला नवी ऑर्डर निघायची, अध्यक्षांच्या सहीने. एके दिवशी सचिव लॅबच्या दारात येऊन म्हणाले, "उद्घाटनाला साहेबांचा चेहरा नीट दिसला पाहिजे. नाहीतर जूनचं तुमचं तुम्ही बघा." चालू लॅबचं उद्घाटन, बरं का!

"म्हंजे मशीन मेलं तरी चालंल, तोंड दिसलं पाहिजे?" मॅडमनी विचारलं. सचिव नुसते हसले. शी, काय ते हसणं!

उद्घाटनाला अध्यक्षांनी नारळ फोडला, बटण दाबलं आणि फोटोवाल्याकडे बघत पडद्याशेजारी उभे राहिले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर गेल्या आणि मशीन सुरू झालं. फोटोबिटो काही नाही.

"आमचं तोंड कुठं हाय?"

"काढलं, साहेब. म्हणून समदी मशीनं चालू हायेत."

पोरी फिस्सकन हसल्या. मी जोरात टाळ्या वाजवल्या. माझ्यामागून कुणीच वाजवल्या नाहीत.

जूनला मॅडमची ऑर्डर निघाली नाही. मी सचिवांकडे जाऊन भांडलो, तर म्हणाले, "तुमचं काय जातंय?" नवे सर आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी फोटो परत बसवला, अगदी स्वच्छ. निम्मी मशीनं त्याच दिवशी काळी पडली, ती आजतागायत काळीच आहेत.

परवा खंडेनवमीला मुलींनी सगळ्या मशीनना झेंडूचे हार घातले. नव्या सरांनी चालू मशीनची बटणं दाबली, आणि हारांच्या आत ओळीने अध्यक्ष उगवले, हात जोडून. हार घातलेला फोटो म्हणजे काय, ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. मला हसू आवरेना. बाहेर येऊन मॅडमना फोन लावला. त्या आता राजूरला लोकांचे ऑनलाईन अर्ज भरून देतात. म्हटलं, हे ऐकून बाई खूश होतील.

त्या हसल्याच नाहीत. "बाकीची मशीनं?" त्यांनी विचारलं.

"बंद आहेत."

"मग पोरी कशा बसत्यात?"

"एकेका मशीनवर चौघी."

 

"चौघींत कीबोर्डला हात कुनाचा लागनार, सर," मॅडम म्हणाल्या. "दांडगी आसंल तिचाच."