पत्र्याचा आखाडा

विठ्ठलवाडीकडची म्हातारी माणसं भेटली की हटकून पत्र्याच्या आखाड्याचा विषय काढतात. काय माती होती, काय कुस्त्या व्हायच्या, सगळं गेलं, म्हणून उसासे टाकतात. मी ऐकून घेते. वाईट मलाही वाटतं, त्यांच्यापेक्षा जास्तच, कारण माझी चूल त्या आखाड्याच्या भिंतीला लागून होती. पण तो पाडला त्या दिवशी ह्यांच्यातला एकही जण तिकडे फिरकला नव्हता, हे मी विसरलेले नाही.

मी जांभूळची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा लढाई संपली होती. लढाईत सरकारने गावाची भातशेतं घेऊन लष्कराचा तळ उभारला होता. शिपाई निघून गेले आणि मागे ओसाड बराकी उरल्या. आमच्या घराला खेटून शिपायांच्या खेळांची एक भलीमोठी पत्र्याची शेड होती. गावातल्या पैलवानांनी तिचा कोबा फोडला, तांबडी माती आणून ओतली, तिच्यात ताक, तेल, हळद मुरवली आणि कोपऱ्यात मारुती बसवला. शेतं तर गेलीच, एवढा तुकडा तरी परत घेतला, असं सासरे म्हणायचे. आमचे हे सगळ्यांत पुढे. अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यातून सुटले की घरात पाऊल न टाकता थेट मातीत. पहाटे मी चूल पेटवायची तेव्हा भिंतीपलीकडून शड्डू ऐकू यायचे आणि ताकातेलाचा आंबूस वास यायचा. आधी मला मळमळायचं. पुढे पुढे तो वास आला नाही तर उजाडल्यासारखं वाटेना.

मग फाळणी झाली आणि सिंधी आले. बराकी माणसांनी भरून गेल्या. गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत कितीतरी संसार थाटले गेले. त्यांच्या बायका आमच्या कुंपणावर पापड वाळत घालायच्या. आम्ही कुरकुर करायचो आणि तेच पापड मिटक्या मारत खायचो. त्यांच्यात एक उंचापुरा पैलवान होता. आई आणि तो, दोघंच. बाकीचे तिकडेच राहिले की वाटेत गेले, हे विचारायचं धाडस आम्हाला कधी झालं नाही. तो शेडच्या दारात उभा राहून आमच्या लोकांचे डाव बघायचा आणि गालात हसायचा. ते हसणं ह्यांना झोंबलं.

शेवटी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मिळून कुस्ती ठरवली. एकदा मातीत भेट झाली की नळावरची रोजची भांडणं मिटतील, असा त्यांचा हिशेब. दिवस ठरला, नारळ ठरला, हलगीवाला ठरला. जिंकणं कशाला म्हणायचं, हे मात्र कुणीच कुणाला विचारलं नाही. त्यात विचारायचं काय? जगात कुस्ती एकच, ती आपली, अशी दोन्हीकडच्या शहाण्यांची खात्री.

त्यांची रीत निराळी होती. कमरेला कापडाचा पीळ आवळायचा, तो धरून समोरच्याला उचलायचं. समोरचा एकदा जमिनीवर पडला की खेळ संपला. आमच्याकडे नुसतं पाडून भागत नाही, पाठ मातीला लावावी लागते. हे आम्हाला कळलं, पण सगळं होऊन गेल्यावर.

बायकांना आखाड्यात मज्जाव. मी आणि माझी जाऊ परसातल्या दगडावर चढून फाटक्या पत्र्यातून बघत होतो. त्याच्या कमरेचा पीळ बघून आमचे लोक फिदीफिदी हसले. पण त्याने फार वेळ हसू दिलंच नाही. ह्यांना उचललं आणि पालथं आपटलं. सिंधी लोक उठून नाचायला लागले. त्याने पकड सोडली, वाकला आणि ह्यांना उठवायला हात पुढे केला. ह्यांनी खालून त्याचा पाय ओढला. तो बेसावध, मानेवर आला, आणि हे त्याच्या छातीवर. आता हलगी कडाडली. आमच्या लोकांनी टोप्या उडवल्या, त्यांच्या टाळ्या तर चालूच होत्या. घटकाभर तिथे सगळेच जिंकले होते. मीही दगडावर उड्या मारत होते. तो उठला नाही.

जीव वाचला, पण मानेखालचं अंग गेलं.

त्यानंतर हे रोज कामाला जाण्याआधी बराकीत जायचे. त्याचं अंग पुसायचे, तेल लावायचे, मग पाठीवर घेऊन आखाड्यात आणायचे आणि गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवायचे. आखाड्याची माती दुखणं ओढून घेते, अशी पैलवानांची श्रद्धा. त्याची आई शेजारी बसून पदराने माशा वारायची. तिने आम्हाला कधी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याचा मातीवर काडीचा भरवसा नव्हता. ह्यांना तो अदा म्हणायचा, म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ. त्याचं मागणं एकच होतं.

"अदा, एक बार बोल. इधर, मिट्टी में, सबके सामने. मैं जीता था."

हे खाली मान घालून माती सारखी करत राहायचे. घरी आले की मी धारेवर धरायची.

"बोला की एकदा. जीभ झिजते का?"

"माझी पाठ लागली नव्हती. मारुतीसमोर खोटं कसं बोलू? आणि गाव काय म्हणंल?"

"त्याचं हगणंमुतणं काढता, ते गावाला चालतं?"

"ते येगळं."

ते वेगळं कसं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. माझा माणूस चांगला होता. ह्या एकाच बाबतीत दगड. मी अबोला धरला तेव्हा कुठे म्हणाले, जत्रेला सांगतो, चार माणसांत. जत्रा आली. चार माणसांनी डोळे वटारले आणि ह्यांनी पुढच्या जत्रेवर ढकललं. तो रोज पाठीवरून यायचा, मातीत जायचा, दिवसेंदिवस हलका होत चालला होता. मागणं तेवढं कमी झालं नाही.

पुढची जत्रा यायच्या आधीच हुकूम आला. शेड पाडून तिथे बाजाराचे गाळे होणार होते. गावात आरडाओरडा होईल असं मला वाटलं होतं. कसलं काय! गाववाल्यांना गाळा हवा होता, बराकीवाल्यांना गाळा हवा होता. मारुती गुपचूप देवळात नेऊन ठेवला. जी एकी कुस्तीने व्हायची होती ती गाळ्यांनी झाली.

पत्रे खाली यायला लागले तसे हे बराकीकडे धावत सुटले. त्याला पाठीवर घेऊन आले आणि उघड्या पडलेल्या मातीत जाऊन उभे राहिले. मी मागोमाग आत शिरले. मला अडवायला तिथे होतंच कोण? आखाड्यात मी पहिल्यांदा पाय ठेवला तो असा.

"हा जिंकला!" हे बेंबीच्या देठापासून ओरडले. "ऐका रे! त्या कुस्तीत हा जिंकला! मी हरलो!"

हातोड्यांचे आवाज थांबले. पाठीवरून तो हळूच बोलला. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"अब किसको बोलता है, अदा?"

ह्यांनी चहूकडे पाहिलं. गावातलं कुणी नव्हतं, बराकीतलं कुणी नव्हतं. धुळीने पांढरा झालेला एक परगावचा मजूर हातात पहार घेऊन घाबऱ्याघाबऱ्या पुढे आला.

"काय झालं मालक? कुणी दबलं का खाली?"

"नाय," हे म्हणाले. "काय नाय. चालू द्या तुमचं."