हाताला कळणारी दारं

त्या दिवशी सकाळी खिळेबाई स्वतःच्याच घरात हरवल्या. घर तरी केवढं, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मधला अरुंद बोळ. बावीस वर्षं त्या तिथंच राहत होत्या. पण बाथरूमचं म्हणून एक दार उघडलं, तर हाताला टांगलेले कपडे लागले. दुसरं ढकललं, ते हललंच नाही. तिसऱ्याची उघडी कड सणसणीत कपाळावर बसली. मग त्यांनी बोळातच बसकण मारली आणि एका हातानं टेंगूळ दाबत मोठ्यानं म्हटलं, "बास झालं."

ऐकायला कोणी नव्हतं. पण त्यांना ओळखणाऱ्याला त्या "बास"चा अर्थ लगेच कळला असता.

खिळेबाई हे त्यांचं छापखान्यातलं नाव. एकतीस वर्षं त्यांनी तिथं शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले. समोर उतरत्या फळीवर खणाखणांची लाकडी पेटी, तिला 'केस' म्हणायचे, प्रत्येक खणात एकेक अक्षर, वेगळे काने, वेगळ्या मात्रा. नजर हस्तलिखितावर आणि हात खणांतून फिरणारा. तो कधी चुकायचा नाही. एकदा मालकानं पैज म्हणून त्यांच्या डोळ्यांना रुमाल बांधून मजकूर वाचून दाखवला होता, तेव्हाही अर्ध्या पानात एकच चूक निघाली. तीही हस्तलिखितातलीच होती, असं त्या अजूनही म्हणायच्या.

आता रुमालाची गरज उरली नव्हती. काचबिंदूनं डावा डोळा पार नेला होता. उजव्याला उजेड आणि अंधार यांतला फरक तेवढा कळायचा. ऑपरेशनसाठी त्या दोन महिने मुलाकडे राहून आल्या आणि तेवढ्यात मुलानं त्यांच्या घराचा कायापालट करून ठेवला. जुनी दारं काढली, सगळीकडे एकसारखी गुळगुळीत पांढरी दारं बसवली. बोळातल्या आणि झोपायच्या खोलीतल्या भिंतीला लागून तशीच पांढरी कपाटं केली. त्यांना हँडल नाही, कडी नाही, दाबलं की उघडतात.

"तुला कुठं काही लागायला नको, म्हणून मुद्दाम असं केलं," मुलानं हौसेनं सांगितलं होतं. बघायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, दिसायला काय सुरेख झालंय!

दिसायला. नेमकं तेवढंच खिळेबाईंच्या वाट्याला येणार नव्हतं. हाताला सगळं सारखंच लागायचं. भिंत, दार, कपाट, पुन्हा दार. कोरा कागद चाचपावा तसं.

वरच्या मजल्यावर त्यांची नणंद राहायची. त्या दुपारी ती आली आणि टेंगूळ बघून कळवळली. "वहिनी, हट्ट पुरे. सरळ मुलाकडे जाऊन राहा."

"वन्सं, मला मुलाकडे नाही, बाथरूमकडे जायचंय. तेवढं मला माझं माझं जमलं पाहिजे. ही दारं मी काढणार."

"नवीकोरी दारं? लोक वेड्यात काढतील."

"काढू देत. मला काही ते दिसणार नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन लावून जुनी सागवानी दारं आणायचा बेत सांगितला. तो आधी समजुतीनं बोलला, मग चिडला. "आई, आता तू काही करायचंच नाहीयेस. कामाला बाई आहे. तू फक्त बसून राहा."

"एवढी वर्षं उभं राहून काम केलंय मी. बसायची सवय नाही."

"पण जुनी लाकडं घरात कशाला? वाळवी लागेल, फटी पडतील..."

"फटी पडल्या तर बऱ्याच. दार कुठंय ते तरी कळेल."

पैसे त्यांच्याच नावावरचे होते, त्यामुळे तो विषय तिथंच मिटला. मुलगा घुश्श्यात म्हणाला, "कर मग तुला हवं ते." खिळेबाईंनी ती परवानगी समजली.

पाडलेल्या इमारतींचं लाकूड जिथं विकायला येतं, अशा एका गोदामात त्या नणंदेला घेऊन रिक्षानं गेल्या. आत पाऊल टाकताच खिळेबाईंना जुन्या सागाचा, धुळीचा आणि पॉलिशचा वास आला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झाले. गोदामवाला पुढं आला आणि नणंदेकडे बघून म्हणाला, "यांना कसलं दार हवंय?"

"यांना विचारा ना," खिळेबाई म्हणाल्या. "यांचे डोळे गेलेत, तोंड शाबूत आहे."

गोदामवाला वरमला. पण धंदेवाईक माणूस, लगेच सावरला. भिंतीशी टेकवलेल्या एका दाराशी त्यांना नेऊन म्हणाला, "हे घ्या. अख्खं सागवान, एकसंध फळी."

खिळेबाईंनी दारावर तळवा फिरवला, बोटांच्या पेरांनी दोन-तीन ठिकाणी वाजवलं आणि कडेवरून नख ओढत नेलं. एका जागी नख थांबलं. "आत भुसा आहे. वरून पापुद्रा चिकटवलाय. कागद आणि खळ मला नका शिकवू, जन्म गेलाय त्यात."

नणंद फिस्सकन हसली. गोदामवालाही हसला, जरा उशिरानं. त्यानंतर मात्र त्यानं काही खपवायचा प्रयत्न केला नाही. नुसता दारं ओढून मोकळी करून देत राहिला. नणंदेची मदत फारशी होत नव्हती. तिला प्रत्येक दार "छान आहे" असंच वाटायचं. शेवटी खिळेबाईंनी तिला पाणी प्यायला पाठवून दिलं आणि एकट्याच, हातांनी दारं वाचत सुटल्या.

स्वयंपाकघरासाठी त्यांनी उभ्या पट्ट्यांचं दार निवडलं. बोटं खडखडत गेली की स्वयंपाकघर. बाथरूमसाठी वरच्या अर्ध्या भागात खडबडीत काच असलेलं, कारण तिचा गारवा हात जवळ नेताच जाणवायचा. झोपायच्या खोलीला दोन झडपांचं, त्याला मुठीएवढी लोखंडी कडी. त्यातल्या एका झडपेची बिजागरी अशी करकरली की नणंद दूरवरून ओरडली, "तेल घालून घ्या हं त्याला!"

"अजिबात नाही," खिळेबाई म्हणाल्या. "दार उघडं आहे की बंद, ते मला हेच सांगणार. मुकं दार कपाळावर बसतं."

कपाट मात्र सगळ्यात शेवटी, गोदामाच्या अगदी मागं सापडलं. कुठल्याशा औषधांच्या दुकानातलं, चोवीस खणांचं. जुन्या मालकांनी मोडेल तशी दुरुस्ती केलेली असावी, कारण एकाही ओळीत मुठी सारख्या नव्हत्या. कुठं पितळी कडी, कुठं लाकडी गोळा, कुठं नुसता चामड्याचा तुकडा खिळ्यानं ठोकलेला. एका खणाची मूठच गायब, नुसतं भोक.

"याच्या सगळ्या मुठी बदलून एकसारख्या करून देतो," गोदामवाला म्हणाला. "जरा चांगलं दिसेल."

"हात लावाल तर घेणार नाही." खिळेबाईंनी कपाटावर दोन्ही हात पसरले होते. कोणी हिसकावून नेईल, असे. "भोकसुद्धा तसंच राहू द्या. माझी औषधं तिथं."

सुतारानं आठवडाभर खपून चौकटी तासल्या आणि दारं बसवली. पांढरी कपाटं आणि दारं जिन्याखाली रचली गेली. येणारे-जाणारे थांबून बघायचे, हळहळायचे. सुतारानंही एकदा विचारलंच, "बाई, चौघांना विचारलंत का?"

"कपाळावर टेंगूळ आलं तेव्हा चौघं कुठं होते?" असं म्हणून त्यांनी त्याला चहा दिला. स्वतः केलेला. करताना करंगळीला चटका बसला होता, कामवाल्या बाईनं त्यावरून आरडाओरडा केला. "माझं बोट आहे, माझा चटका आहे," खिळेबाईंनी तिला सांगितलं, "तू भांडी घास."

महिन्याभरानं मुलगा आला. जिन्याखालचा ढीग बघून त्याचा चेहरा पडला असावा, कारण घरात आल्यावर त्यानं बॅग दाणकन खाली ठेवली. मग म्हणाला, "मी किती मनापासून केलं होतं, आई."

खिळेबाई त्याच्याजवळ बसल्या. "मला माहीत आहे. मनापासूनच केलंस. पण तू मला सांभाळून ठेवायचं घर केलंस. मला राहायचं घर हवं होतं."

त्या उठल्या, भिंतीला हातसुद्धा न टेकवता बोळातून गेल्या, कपाटातला चामड्याच्या तुकड्याचा खण ओढून त्याच्यासाठी टॉवेल काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याचं समाधान झालं असं नाही. दोन खण घट्ट बसतात, झडपेचं लाकूड फुगलंय, खालच्या फटीतून वारा येतो, असं त्यानं एकेक मोजून दाखवलं. ते सगळं खरंच होतं. त्याच झडपेला ठेचकाळून खिळेबाईंच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. ते त्यांनी सांगितलं नाही, पायमोजे घातले होते. जाताना तो म्हणाला, "निदान बिजागरीला तेल तरी घालू?"

"घाल, आणि मग बघ मी काय करते ते," आई म्हणाली. तो हसला. हसू ओढूनताणून आणलेलं होतं, पण आलं.

जिन्याखालची दारं आणि कपाटं त्यानंच नंतर एका ओळखीच्या दवाखान्याला देऊन टाकली.

पुढं दोनेक आठवड्यांनी गोदामवाल्याला फोन आला. "चपला ठेवायला एखादं बुटकं कपाट आलंय का? झाकणाचं हवं, वर बसता आलं पाहिजे."

"आहे ना. येताय? तुमच्या वन्संना घेऊन या, आज माल अस्ताव्यस्त पडलाय."

"वन्सं झोपल्यात. मी एकटीच येतेय."

"एकट्या? बाई, अहो..."

"का, तुमचं गोदाम जागचं हललंय का?" खिळेबाईंनी विचारलं, फोन ठेवला आणि काठी घेऊन जिना उतरायला लागल्या.